सोलापुरी रूपे : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

चित्रवर्गाचा हिवाळी प्रकल्प ठरला. पोकेमॉन या जपानी व्हिडिओ खेळांत एकाच प्राण्याची खेळातल्या प्रदेशागणिक (अलोला, गॅलार वगैरे) वेगळी रूपे असतात, तशी सोलापूरची रूपे आपण काढायची. ही कल्पना सातवीतल्या मुलाची. त्याने सरळ विचारले, "ताई, अलोला म्हणजे हवाई, गॅलार म्हणजे ब्रिटन, पाल्डिया म्हणजे स्पेन-पोर्तुगाल. कांतो हे तर जपानमधल्या खऱ्या प्रांताचंच नाव. मग आपल्याकडं कोण कसं दिसंल?" त्यावर खोलीत एकच गलका झाला आणि विषय तिथेच पक्का झाला.

मुदत सिद्धेश्वराच्या गड्ड्याआधीची, म्हणजे जानेवारीतल्या यात्रेआधीची. यात्रेच्या दिवसांत पूर्व भागात घरोघरी पाहुणे असतात, वाचनालयातही वर्दळ वाढते. तक्ते खालच्या वाचनकक्षाच्या भिंतीवर लावायला ग्रंथपाल काकांनी होकार दिला आहे. अट एकच, चिकटपट्टीने भिंतीचा रंग निघता कामा नये.

उत्साहाच्या भरात दोघांनी तिथल्या तिथे मिआउथ हा मांजरासारखा पोकेमॉन भगवा रंगवून दिला. कारण विचारले तर, "सोलापूरचं ऊन." यावर आज बराच वेळ बोलणे झाले. नुसता रंग बदललेला पोकेमॉन म्हणजे शायनी. तो कुठेही निघू शकतो, फक्त नशीब लागते: पूर्वी ८१९२ त एक, २०१३ च्या एक्स-वाय या खेळांपासून ४०९६ त एक. त्याचा गावाशी संबंध नाही. प्रादेशिक रूप म्हणजे त्या जागेने त्या प्राण्याला काहीतरी करायला भाग पाडलेले असते. त्याचे खाणे बदलते, लपायची जागा बदलते, शत्रू बदलतो आणि मग अंग बदलते. पोकेडेक्समधला, म्हणजे खेळातल्या प्राणीसूचीतला, क्रमांक मात्र तोच राहतो. या प्रकल्पात प्रत्येक चित्राला मी आधी एकच प्रश्न विचारणार आहे: इथे येऊन हा का बदलला? उत्तर नसेल तर चित्र कितीही देखणे असले तरी ते तक्त्यावर जाणार नाही.

मुलांना हे कडक वाटले. वाटू दे.

९ नोव्हेंबर

आज फक्त अभ्यास. मूळ खेळांत रूपे किती तऱ्हांनी येतात ते पाहिल्याशिवाय स्वतःची काढायला बसू नये. मुलांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर नावे लिहिली आणि सतरंजीवर गट पाडत बसली.

सुरुवात अनोनपासून. १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये रोमन अक्षरांची २६ रूपे, पुढे उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह मिळून २८. फरक आकाराचा, ताकदीत काही नाही. नंतर २००२ च्या रुबी-सफायरमधला कॅस्टफॉर्म: ऊन पडले की फायर, पाऊस आला की वॉटर, गारा पडल्या की आइस, आणि हवा निवळली की पुन्हा नॉर्मल. रूपाबरोबर टाइपही (फायर, वॉटर असा लढाईतला प्रकार) बदलण्याची सुरुवात इथून.

डीऑक्सिसवर मुले सगळ्यात जास्त रेंगाळली. त्याची चार रूपे. सुरुवातीच्या काळात कोणते मिळणार हे हातात कोणता खेळ आहे त्यावर ठरायचे. फायररेडमध्ये हल्ल्याचे, लीफग्रीनमध्ये बचावाचे, एमराल्डमध्ये वेगाचे. हल्ल्याच्या रूपात हल्ला १८० आणि बचाव अवघा २०. बचावाच्या रूपात बचाव १६० आणि हल्ला ७०. पण ताकदीच्या सहाही आकड्यांची (एचपी म्हणजे जीव, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव, वेग) बेरीज चारही रूपांत ६०० च. ही बेरीज मी एकेकाला फळ्यावर करायला लावली. एका खिशातले दुसऱ्या खिशात घालायचे, बाहेरून आणायचे नाही. पुढे आम्हालाही हाच नियम पाळायचा आहे.

लढाईपुरती रूपे वेगळी ठेवली. एजिस्लॅश ढालीमागे असला की अभेद्य, वार करायला तलवार झाला की उघडा. विशीवॉशी एकटा असताना बेरीज १७५, विसाव्या लेव्हलनंतर थवा जमला की ६२०, आणि एचपी पावाखाली घसरले की थवा पांगतो. मेगा इव्होल्यूशन, म्हणजे लढाईपुरते येणारे जास्त ताकदीचे रूप, तेही याच गटात. गेल्याच महिन्यात आलेल्या लेजंड्स झेड-एमुळे सगळ्यांच्या तोंडी सध्या तेच आहे. मुलांना मेगा काढायची फार हौस होती. या वेळी नाही. मेगा लढाई संपली की उतरते. आम्हाला राहून गेलेला बदल हवा आहे.

व्हिव्हिलॉनची पुठ्ठी कुठल्या गटात टाकायची यावर मात्र एकमत होईना. एक्स-वायमध्ये या फुलपाखराच्या पंखांवरची नक्षी खेळाडूच्या यंत्रात कोणता देश आणि प्रांत नोंदलेला आहे त्यावरून ठरत असे. अशा १८ नक्ष्या. त्यातली एक मान्सून नावाची. सहावीतल्या मुलीने यादीतून तीच सगळ्यात आधी हुडकली आणि वहीत चिकटवायला म्हणून काढूनही घेतली. नक्षीने ताकद बदलत नाही, टाइप बदलत नाही. तरी ती जागेने दिलेली आहे. शेवटी तिला "जागेचे, पण अंगावरचे" अशी स्वतंत्र जागा मिळाली.

१६ नोव्हेंबर

प्रादेशिक रूपे. आज वेळ पुरला नाही.

२०१६ च्या सन-मूनने ही पद्धत सुरू केली. अलोलात पहिल्या पिढीच्या जुन्या ओळखीच्या प्राण्यांना १८ नवी रूपे मिळाली. प्रत्येकाचे कारण वाचले. वाळवंटातला सँडश्रू ज्वालामुखीच्या उद्रेकांमुळे बर्फाळ डोंगरावर गेला, तो ग्राउंडचा आइस/स्टील झाला. रॅटाटा हे उंदीर फार माजले म्हणून माणसांनी यंगूस आणला, तेव्हा रॅटाटा रात्रीचा हिंडू लागला, डार्क/नॉर्मल झाला. (हवाईत उंदरांच्या बंदोबस्तासाठी खरोखरच मुंगूस नेले होते.) ग्रायमरला कचरा खायला आणले. तिथला कचरा खाऊन तो रंगीबेरंगी झाला.

मिआउथचे तीन जन्म फळ्यावर शेजारी शेजारी काढले. मूळचा नॉर्मल. अलोलात राजघराण्याला नजराणा म्हणून आलेला, लाडाने शेफारलेला, डार्क. गॅलारमध्ये दर्यावर्दी रांगड्या लोकांबरोबर राहिलेला, अंगावर लोखंडी केस, स्टील. आणि वाढून तो पर्शियन होत नाही, पर्सर्कर नावाचा वेगळाच प्राणी होतो. मांजर तेच, संगत वेगळी. भगवा मिआउथ काढणाऱ्या दोघांनी आपण होऊन ते चित्र मागे घेतले.

गॅलारच्या वीझिंगपाशी अपेक्षेप्रमाणे मिलचा विषय निघाला. डोक्यावर उंच टोपीसारखी धुराडी, दूषित हवा आत ओढून स्वच्छ हवा बाहेर सोडणारा, पॉइझन/फेअरी. गिरण्यांच्या चिमण्या पाहत वाढलेल्या मुलांना तो आपला वाटणारच. आठवीतल्या मुलीने लगेच "लक्ष्मी-विष्णूच्या चिमणीचा कॉफिंग" असे शीर्षकही लिहिले (कॉफिंग वाढून वीझिंग होतो). मी तो थांबवला. कल्पना कमी पडते म्हणून नव्हे. कारखान्यांच्या धुराचे हे उत्तर गॅलारने आधीच दिलेले आहे आणि फार चांगले दिले आहे. आपल्याकडे मिलमध्ये धुराशिवायही खूप काही होते. सूत होते. पुढच्या आठवड्यात तिथून सुरुवात करू.

२३ नोव्हेंबर

सामान: मोठे कार्डशीट, ग्राफ पेपर, पोस्टर कलर, काळी शाई. खर्च वाचनालयाच्या बालविभागातून. तक्ते सहा, त्याहून जास्त नकोत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी चौघांना घेऊन यंत्रमागाच्या शेडमध्ये. आठवीतल्या मुलीच्या वडिलांकडे चादरीचे माग आहेत. आत बोललेले ऐकू येत नाही, म्हणून मुलांनी प्रश्न वहीत लिहून दाखवले आणि त्यांनी खुणांनी उत्तरे दिली. जकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, चादरीची नक्षी उतरताना बघितली. चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. एका अंगाला जो रंग जमिनीचा, तो दुसऱ्या अंगाला नक्षीचा.

मुलांचे लक्ष मात्र मागाखाली. तुटलेल्या सुताची टोके, रंगीत गुंते, आणि सगळ्यावर कापसाच्या तुसाचा पांढरा थर. कोपऱ्यातल्या कोळिष्टकावरही तूस बसले होते. सातवीतला मुलगा बाहेर आल्या आल्या म्हणाला, "बर्मी."

अगदी बरोबर. हाच शब्द ऐकायला मी थांबले होते.

३० नोव्हेंबर

तक्ता पहिला: बर्मी आणि वर्मडॅम.

बर्मी हा ४१२ क्रमांकाचा किडा. थंडीवाऱ्यापासून वाचायला भोवताली जे असेल त्याचा झगा करतो. झाडीत लढला तर पानांचा, वाळूत किंवा गुहेत लढला तर मातीचा, इमारतीत लढला तर कचऱ्याचा. झगा फाटला की लगेच नवा. विसाव्या लेव्हलला नर मॉथिम होऊन उडून जातो, झगा सोडून. मादी वर्मडॅम होते आणि त्या वेळी अंगावर जो झगा असेल तोच तिचे अंग होतो, कायमचा: बग/ग्रास, बग/ग्राउंड किंवा बग/स्टील. ज्या जागी वाढ पुरी झाली ती जागा तिला पुन्हा सोडत नाही. सगळ्या मालिकेत जागा आणि रूप यांचा इतका घट्ट संबंध मला दुसरीकडे कुठे दिसत नाही, आणि म्हणून आमचा पहिला तक्ता हाच.

सोलापुरी बर्मीचा झगा सुताचा. पानांच्या झग्यासारखा भरगच्च नाही, गुंत्याचा. बाहेर लोंबणारी टोके, आत तुसाचा मऊ थर. आठवीतल्या मुलीने ग्राफ पेपरवर चौकटी भरून वर्मडॅमची नक्षी काढली, तिच्या वडिलांकडे जशी काढतात तशी. कुयरी नाही, मोर नाही. पाय आणि शिंगे यांच्या चौकटी. मध्ये उघडे तोंड. चित्र उत्तम झाले आहे.

कोणीतरी सुचवले की चादर उलटसुलट चालते तर वर्मडॅमही उलटावी, दिवसा एक रंग, रात्री दुसरा. डोक्यात बसण्यासारखी कल्पना आहे, पण वर्मडॅमचा जीव तिच्या न बदलण्यात आहे. तिला उलटी केली तर तिची सगळी गोष्टच जाते. नाही म्हटले.

टाइपवर वाद. नॉर्मल? फेअरी? कॉटनी हा कापसाचा पोकेमॉन ग्रास/फेअरी आहे हा मुद्दा जोरदार निघाला. ग्रास तर पानांच्या झग्याने घेतलेलेच आहे, मग उरले फेअरी. नॉर्मलवाल्यांचे म्हणणे, रोज अंगावर घ्यायची चादर परीकथेतली कशी असेल? दोन्ही बाजूंत दम आहे. तूर्त टाइपची जागा कोरी.

७ डिसेंबर

तक्ता दुसरा. एक्झेग्युटर.

अलोलाचा एक्झेग्युटर, नारळाच्या झाडासारखा पोकेमॉन, सगळ्यांचा लाडका, कारण तो १०.९ मीटर उंच आहे. मूळचा २ मीटर. तिथल्या भरपूर उन्हाने तो वाढला, आणि अलोलाचे लोक अभिमानाने सांगतात की हेच त्याचे खरे रूप. ग्रास/सायकिकचा तो ग्रास/ड्रॅगन झाला.

मग ऊन तर सोलापुरातही आहे. इथे किती मीटर? मुले वीस-पंचवीसपर्यंत गेली. तेव्हा मंगळवेढ्याला आजोळ असलेल्या मुलाने जे सांगितले त्याने तक्ता फिरला. त्याच्या आजोबांच्या रानात ज्वारी पेरल्यावर तिला पाणी देत नाहीत. पावसाळ्यात काळ्या मातीने जे पाणी धरून ठेवले, त्यावरच मालदांडी डिसेंबर-जानेवारी काढते. वर ऊन, खाली ओल. म्हणजे इथले ऊन झाडाला वर ओढत नाही, मुळांना खाली लावते. आजोबांचे रान खोल काळीचे आहे, म्हणून ज्वारी माणसापेक्षा उंच होते. मुरमाड रानात तीच ज्वारी कमरेला येते, असेही तो म्हणाला.

सोलापुरी एक्झेग्युटर म्हणून उंचीला मूळच्याएवढाच, पण जमिनीखाली त्याच्या दुप्पट. तक्ता उभा धरून मधोमध रेघ: वर तीन डोकी, कणसाच्या दाण्यांनी भरलेली, खाली मुळेच मुळे. ग्रास/ग्राउंड. लढाईत जागचा हलत नाही, त्यामुळे वेग कमी, बचाव जास्त. एक्झेग्युटरची मूळ बेरीज ५३०. आम्ही वाटले: एचपी ९५, हल्ला ९५, बचाव ११५, विशेष हल्ला ९५, विशेष बचाव ८५, वेग ४५. बेरीज ५३०. अलोलाच्या रूपातही असेच केलेले आहे, तिथे वेगातले १० काढून हल्ल्यात घातले आहेत.

डोकी हुरड्यासारखी हिरवी ठेवायची की कडक भाकरीच्या ज्वारीसारखी पांढरी? मुलांनी हिरवी निवडली. हुरड्याचे दिवस तोंडावर आलेत, दुसरे काही होणे शक्यच नव्हते.

१४ डिसेंबर

माळढोक.

हा विषय येणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. नान्नजचे अभयारण्य १९७९ चे. या मुलांपैकी बहुतेक सहलीने तिथे जाऊन आलेली, काळवीट पाहिलेली, लांडग्याचे ठसे पाहिलेली. माळढोक एकानेही पाहिलेला नाही. नराचे वजन १५ किलोपर्यंत, जगातल्या सगळ्यात जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. मादी उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालते. समोरचे नीट दिसत नाही, डोळे बाजूंना, त्यामुळे उडताना विजेच्या तारांवर आदळतो. आज जे थोडे उरले आहेत ते मुख्यतः राजस्थानात जैसलमेरकडे.

नवा पक्षी काढायचा नाही, हे मुलांनीच एकमेकांना बजावले. पाल्डियात विगलेट आहे. दिसतो डिगलेटसारखा, पण तो वेगळा प्राणी, क्रमांकही वेगळा, त्याला रूप म्हणत नाहीत. आम्हाला रूपच हवे. निवड डोडुओची झाली आणि ती मला फार पटली. डोडुओ दोन डोक्यांचा, मोकळ्या गवताळ माळावर राहणारा, उडण्यात कच्चा, पळण्यात पक्का. माळढोकाचा भाऊबंद शोभतो.

मग नववीतल्या मुलाने त्याला घोस्ट/फ्लाइंग करावे असे मांडले. त्याची तयारी पूर्ण होती. गॅलारचा कॉर्सोला: मूळचा गुलाबी, वॉटर/रॉक, उबदार समुद्रातला. गॅलारमध्ये प्राचीन काळी हवामान अचानक बदलले, पोवळी मेली, आणि आज तिथे दिसतो तो पांढराफटक, घोस्ट. वाढून कर्सोला होतो. जी जागा प्राण्याला जगू देत नाही तिथे त्याचे रूप भूत असते, असे त्याचे म्हणणे. "नान्नजला माळढोक दिसत नाही ताई. मग तो घोस्टच की."

खोली गप्प. मलाही उत्तर द्यायला वेळ लागला, कारण कॉर्सोलाचे रूप या सगळ्या मालिकेतले मला सर्वांत धीट वाटते. मुलांच्या खेळात हवामानबदलाने मेलेला प्राणी ठेवायला छाती लागते.

तरीही मी त्याला नाही म्हणाले. कॉर्सोलाची गोष्ट संपलेली आहे. पोकेडेक्स ती भूतकाळात सांगतो. माळढोकाची संपलेली नाही. राजस्थानात त्याची पिल्ले माणसांच्या देखरेखीखाली वाढवली जात आहेत. जो पक्षी अजून अंडे घालतो त्याला आपण घोस्ट लिहिले तर आपण त्याला सोडून दिले असा त्याचा अर्थ होतो, आणि सोलापूरच्या भिंतीवर तरी ते होऊ नये. नववीतल्या मुलाने विचार करून मान्य केले, पण एक अट घातली: तक्त्यावर कॉर्सोलाचे छोटे चित्र कोपऱ्यात असेल, म्हणजे पाहणारा विचारेल की हा इथे का. अट योग्य आहे. मंजूर.

तर सोलापुरी डोडुओ: ग्राउंड/फ्लाइंग. रंग वाळल्या गवताचा, मान पांढुरकी, डोक्यावर काळी टोपी. एक डोके खाली गवतात किडे वेचते, दुसरे सतत वर, तारांकडे. दोन डोक्यांचा इतका नेमका उपयोग मूळ खेळातही झालेला मला आठवत नाही. बेरीज ३१० तीच.

१८ डिसेंबर

काकांनी वरच्या खोलीत येऊन तक्ते पाहिले. वाचक विचारतील तेव्हा पोकेमॉन म्हणजे काय हे त्यांना सांगता यायला हवे म्हणून तासभर बसले. रूप आणि वाढ यांतला फरक (पिकाचूचा रायचू होणे ही वाढ, अलोलाचा रायचू इलेक्ट्रिक/सायकिक, हे रूप) त्यांनी दुसऱ्यांदा विचारला नाही.

२१ डिसेंबर

तक्ता चौथा, डिअरलिंग, हरणाच्या पाडसासारखा पोकेमॉन. ब्लॅक-व्हाइटमध्ये खेळातला ऋतू दर महिन्याला पालटायचा आणि डिअरलिंगचा रंग त्याबरोबर: वसंतात गुलाबी, उन्हाळ्यात हिरवा, पानगळीत नारिंगी, थंडीत तपकिरी. मोठा होऊन सॉसबक झाला की शिंगांवरही तेच, कधी फुले, कधी पाने, कधी बर्फ.

आपले ऋतू तीन. तीन डिअरलिंग काढायचे यावर कुणाचे दुमत नव्हते. अडचण शिंगांची. हरणाची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात, त्यामुळे सॉसबकच्या शिंगांना पालवी फुटणे शोभते. काळविटाची शिंगे पिळाची, आतून हाडाची, ती आयुष्यभर गळत नाहीत. त्यांना पालवी कशी फुटावी? म्हणून सोलापुरी सॉसबकची शिंगे बाराही महिने तीच ठेवली आणि ऋतू उतरवला अंगावर: पावसाळ्यात गडद काळपट, थंडीत तपकिरी, उन्हाळ्यात इतका फिका की वाळल्या गवतात उभा राहिला तर दिसू नये. नॉर्मल/ग्रास तसेच. प्रादेशिक रूपात टाइप बदललाच पाहिजे असा हट्ट आम्ही धरला नाही, गवतातच राहणाऱ्याचा ग्रास का काढायचा.

आज कोणीतरी नंदीध्वजाचे रूप काढू म्हणाले. ते नको. मानाच्या काठ्या आहेत, खेळात घ्यायच्या नाहीत. मुलांना समजावावे लागले नाही.

२८ डिसेंबर

यंदा सप्टेंबरात सीनेला पूर आला. मोहोळ तालुक्यात मामाचे शेत असलेली एक मुलगी आमच्यात आहे. पाणी ओसरल्यावर उसात गाळच गाळ होता. तिला चिखलाचा पोकेमॉन काढायचा होता आणि कारणही तिच्याजवळ होते, म्हणून पाचवा तक्ता तिचा.

आधी तिने वूपर घेतला. पण पाल्डियाचा वूपर आधीच पाण्याची जागा गमावून जमिनीवर आलेला आहे, अंगावर विषारी थर घेऊन पॉइझन/ग्राउंड झालेला. त्यापेक्षा स्टनफिस्क. मूळचा ग्राउंड/इलेक्ट्रिक, चिखलात चपटा पडून राहणारा. गॅलारच्या चिखलात लोह जास्त, तिथे तो ग्राउंड/स्टील झाला आणि सापळ्यासारखा मिटू लागला. म्हणजे माती बदलली की हा बदलतो, हे खेळानेच सांगून ठेवले आहे. मग काळ्या मातीत काय होईल?

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात त्या भेगांत हात जातो. तिने एकाच स्टनफिस्कच्या दोन अवस्था काढल्या: ओला, फुगलेला, ग्राउंड/वॉटर, आणि ऊन पडले की अंगभर भेगा, ग्राउंड/रॉक. प्रादेशिक रूपाच्या पोटात आणखी एक रूप चालते का, हा प्रश्न सातवीतल्या मुलाने काढला. चालते. गॅलारचा डार्मनिटन मुळात आइस आहे, आणि झेन मोड असलेला डार्मनिटन एचपी निम्म्यावर आले की आइस/फायर होतो. दाखला मिळाल्यावर तो खूश.

आकड्यांचाही दाखला तिथेच. मूळ स्टनफिस्कचा हल्ला ६६ व विशेष हल्ला ८१, बचाव ८४ व विशेष बचाव ९९. गॅलारमध्ये या जोड्यांची नुसती अदलाबदल केली आहे, बेरीज ४७१ तशीच. आमच्या ओल्याला मूळचे आकडे, भेगाळलेल्याला अदलाबदल केलेले.

४ जानेवारी २०२६

सहावा तक्ता धाकट्यांना दिला. रोटॉम. हा यंत्रात शिरतो, त्यामुळे त्याला प्रदेश नाही, घर आहे. प्लॅटिनममध्ये, २००८ साली, त्याला ओव्हन, धुलाईयंत्र, फ्रीज, पंखा आणि गवतकापणी यंत्र मिळाले. तेव्हा पाचही रूपे इलेक्ट्रिक/घोस्टच होती. २०१० च्या ब्लॅक-व्हाइटपासून ओव्हनवाला इलेक्ट्रिक/फायर, धुलाईवाला इलेक्ट्रिक/वॉटर असे टाइप लागले.

धाकट्यांनी कूलर आणला. छान होता, पण वॉटर, आइस आणि फ्लाइंग तिन्ही आधीच गेलेले. मग चौथीतल्या मुलीने पिठाची गिरणी आणली. गल्लीत असते तशी, वर डबा ओतायचे तोंड, मागे पट्टा, खाली कापडी नळी. आत दगडाच्या तळ्या. इलेक्ट्रिक/रॉक! रोटॉमला रॉक अजून कोणी दिलेले नाही. यंत्रात शिरलेल्या रोटॉमची बेरीज ५२०, तीच ठेवली. मोठ्यांच्या तक्त्यांना चुरस झाली आहे.

१० जानेवारी, शनिवार

तक्ते लागले. दोरी बांधून चिमट्यांनी, भिंतीला काही चिकटवलेले नाही.

प्रत्येक तक्त्याखाली तीन ओळी: मूळ प्राणी कुठला, इथे का बदलला, काय गेले आणि काय आले. वर्मडॅमचे मतदान आज झाले. बग/फेअरी हरले, बग/नॉर्मल जिंकले. तिची बेरीज ४२४, तिन्ही मूळ झग्यांत तीच असते, आमच्यातही तीच: एचपी ६०, हल्ला ५९, बचाव ९५, विशेष हल्ला ६९, विशेष बचाव १०५, वेग ३६. फेअरीवाल्यांचा मुद्दाही तक्त्यावर लिहिला आहे, कारण तो चांगला मुद्दा आहे.

१८ जानेवारी

गड्ड्याच्या दिवसांत बरीच माणसे येऊन गेली. अक्षता सोहळ्याहून परतणारे काही पांढऱ्या बाराबंदीतच डोकावले. एक्झेग्युटरच्या तक्त्यासमोर एका शेतकरी आजोबांनी मुळे आणखी खाली हवीत असे सांगितले. मंगळवेढ्याच्या मुलाने त्यांना तिथेच पेन्सिल दिली आणि त्यांनी रेघा वाढवून दिल्या. त्या तशाच ठेवायच्या, शाई फिरवायची नाही.

नववीतला मुलगा म्हणतो की कॉर्सोलाबद्दल लोकांनी विचारले, आणि प्रत्येक वेळी त्याने स्वतः उत्तर दिले.

तक्ते महिनाअखेरीपर्यंत भिंतीवर. पुढचा संच पाण्याच्या पक्ष्यांचा, उजनीला जाऊन. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अजून तिथे असताना, म्हणजे फेब्रुवारीतच जायला हवे. पाल्डियातला फ्लॅमिगो फ्लाइंग/फायटिंग आहे. तो फायटिंग का, हे प्रत्येकाने वाचून यायचे, आणि उजनीच्या पाण्यावर तो तसाच राहील का, हे तिथे बघून ठरवायचे.